मागेल त्याला काम, पण मागायचे कुणाकडे?

महाराष्ट्रात पगारावर काम करणाऱ्या बहुतेकांच्या वेतनचिठ्ठीत, कपातीच्या रकान्यात, 'व्यवसाय कर' अशी एक ओळ असते. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे अडीच हजार. प्राप्तिकराची चर्चा घरोघरी होते, या ओळीकडे सहसा कुणी पाहत नाही. १९७५ साली हा कर बसवला गेला तेव्हा मात्र तो कशासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. दुष्काळाने होरपळलेल्या खेड्यांतल्या मजुरांना कामाची हमी द्यायची होती. त्यासाठी लागणारा पैसा शहरांतल्या व्यापाऱ्याने, कारखानदाराने, डॉक्टर-वकिलाने आणि पगारदाराने द्यावा असे ठरले. या खास करांतून जेवढी रक्कम येईल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी, असाही दंडक होता. मुंबईच्या पैशावर माण-खटावच्या आणि आष्टी-पाटोद्याच्या माळांवर पाझर तलाव उभे राहिले, ते या व्यवस्थेतून. आज पन्नास वर्षांनी कर चालू आहे. हमी चालू आहे का, हे विचारायला हवे.

गरिबी हटवण्याच्या योजनांची चर्चा आपल्याकडे आकड्यांवर येऊन थांबते. शंभर दिवस की सव्वाशे, पंधराशे रुपये की एकवीसशे. आकडे महत्त्वाचे आहेतच, पण माझ्या मते त्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे: पहिले पाऊल कुणी टाकायचे? गरजू माणसाने मागितले की सरकारला हलावे लागते का? की सरकारने यादी लावली, पोर्टल उघडले, हप्ता सोडला, तरच माणसाला मिळते? महाराष्ट्राची रोजगार हमी पहिल्या प्रकारची होती, आणि म्हणूनच ती जगावेगळी होती. गेल्या चाळीस वर्षांत सुधारणा म्हणून तिच्यात जे बदल झाले, त्यांतल्या बहुतेकांनी तिला दुसऱ्या प्रकारात ढकलले.

याची मुळे १९७२ च्या दुष्काळाच्या बरीच मागे जातात. १८७४ साली बिहारमध्ये टंचाई पडली तेव्हा सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला आणि सढळ हाताने मदत केली. माणसे फारशी दगावली नाहीत. याबद्दल त्याचे कौतुक व्हायचे, तर उधळपट्टी केली म्हणून त्याच्यावर टीकेची झोड उठली. दोनच वर्षांनी दख्खनेत मोठा दुष्काळ पडला आणि व्हाइसरॉय लिटनचा प्रतिनिधी म्हणून हाच टेंपल इकडे आला. आता त्याला काटकसर सिद्ध करायची होती. दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडी चिल्लर पुरे, असे त्याने ठरवले. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, तेही दिवसभर खडी फोडून. घरापासून दहा मैलांच्या आत काम द्यायचे नाही असाही नियम त्याने लावला. खरोखर उपाशी असेल तोच एवढ्या लांब येईल, असा त्यामागचा हिशेब. इंग्लंडच्या १८३४ च्या गरीब कायद्यामागे हेच तत्त्व होते: मदत घेणाऱ्याची अवस्था सर्वांत हलक्या मजुराहूनही वाईट ठेवायची, म्हणजे कुणी विनाकारण मागायला येणार नाही. १८७६ ते १८७८ च्या त्या दुष्काळात हिंदुस्थानात किमान पन्नास लाख माणसे मेली.

पण त्याच काळात इथे एक वेगळी गोष्टही घडली. १८७७ च्या जानेवारीत मजुरी कापल्यावर मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरून हजारो मजूर उठून गेले. उपाशी माणसांनी केलेला तो संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने तो उचलून धरला. गणेश वासुदेव जोशींच्या सभेने गावोगावची माहिती गोळा केली, ती सरकारला लेखी कळवली, आणि हे सारे न्यायमूर्ती रानड्यांच्या मार्गदर्शनाखाली चालले होते. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम उघडला. पुढे दुष्काळ आयोग बसला, फॅमिन कोड आला. सरकारच्या दृष्टीने ती अधिकाऱ्यांसाठीची नियमावली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांनी 'केसरी'तून आणि सभेच्या कार्यकर्त्यांमार्फत तीच नियमावली शेतकऱ्यांना समजावून सांगितली: सरकारचेच नियम असे आहेत, त्याप्रमाणे सूट मागा, काम मागा. यावर सरकारने काय केले? १८९७ मध्ये सभेची मान्यताच काढून घेतली. मदत करायला राज्यकर्त्यांची ना नव्हती. ती मदत लोक हक्काने मागू लागले, हे त्यांना सोसले नाही.

स्वातंत्र्यानंतर हा धागा पुन्हा हाती घेतला तो वि. स. पागे यांनी. विधान परिषदेचे सभापती असलेल्या या सर्वोदयी वृत्तीच्या माणसाने साठच्या दशकाच्या मध्यास तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक छोटा प्रयोग केला. मागेल त्याला त्याच्या गावाजवळ काम द्यायचे, आणि ते जमीन-पाण्याच्या उपयोगाचे असले पाहिजे, एवढीच त्यामागची कल्पना. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना ती पटली. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्याचा अभ्यास आला. ग्रामीण भागात सुमारे चाळीस टक्के आणि शहरांत सुमारे पन्नास टक्के लोक अगदी किमान गरजाही भागवू शकत नाहीत, असे त्यांनी दाखवून दिले. जमीन वाटली तरी सगळ्यांना पुरणार नाही, म्हणून ज्याच्यापाशी अंगमेहनतीखेरीज काही नाही त्याला त्या मेहनतीची हमी द्या, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आणि मग दुष्काळ आला. पागे यांची योजना नुकतीच जाहीर झाली होती, ती बाजूला ठेवून सरकारने सरसकट दुष्काळी कामे काढली. १९७३ च्या मे महिन्यात जवळपास पन्नास लाख माणसे या कामांवर होती. तो काळ पाहिलेली माणसे आजही सांगतात: रांगेने बसून खडी फोडणाऱ्या बाया, बाभळीला बांधलेल्या झोळीत निजलेली पोरे, दुपारी वाटली जाणारी सुकडी, रेशनवरचा लाल मिलो. तो घशाखाली उतरत नसे, तरी लोकांनी तो खाल्ला. धान्याचे पीक जवळजवळ गेले होते, तरी टेंपलच्या काळासारखे मृत्यूचे थैमान झाले नाही. हे आपोआप घडलेले नाही. मोर्चे निघाले, तहसील कचेऱ्यांना घेराव पडले, काम काढा, मजुरी द्या, म्हणून डाव्या पक्षांच्या आणि शेतमजूर संघटनांच्या कार्यकर्त्यांनी तालुके हलवले. काम मागितले तर मिळते, हे लाखो माणसांनी त्या दोन वर्षांत स्वतः अनुभवले. दुष्काळ सरल्यावर त्यांना पुन्हा घरी बसवणे कोणत्याही सरकारला सोपे राहिले नव्हते.

म्हणून १९७७ मध्ये महाराष्ट्र रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्यातली कलमे आज वाचताना त्यांचा सरळपणा लक्षात येतो. ग्रामीण भागातल्या कोणत्याही प्रौढ माणसाने अकुशल काम मागितले तर पंधरा दिवसांत द्यायचे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यायचा. तो भत्ता अगदी तुटपुंजा होता, दिवसाला एक रुपया, नंतर दोन, आणि तोही क्वचितच दिला गेला. दर कामाच्या मापावर आणि बाई-पुरुषाला सारखा. वर्षात किती दिवस, याला मर्यादा नाही. गरीब कोण, याची यादीही नाही. उन्हात टिकाव मारायला जो तयार आहे त्याला गरज आहे, हे गृहीत धरलेले. तलाठ्याने कुणाचे उत्पन्न किती लिहिले, नाव कोणत्या यादीत आहे, याचा काही संबंध नाही.

नवे काम सुरू करायला किमान पन्नास मजूर हवेत, अशी एक अट होती. प्रशासनाच्या सोयीसाठी घातलेली ही अट अडचणीची होती, कारण लहान वाडीत पन्नास माणसे जमत नसत. पण तिचा एक परिणाम कुणी योजला नव्हता. काम हवे असेल तर एकेकटे जाऊन भागत नव्हते, पन्नास जणांनी मिळून अर्ज द्यावा लागे. त्यात बाया मोठ्या संख्येने असत. घराबाहेर ज्यांचे नाव कुणी घेतले नव्हते त्या बायांची नावे मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, चढली, त्यांचा अंगठा उमटला, मजुरी त्यांच्या हातात आली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ग्रामीण महाराष्ट्रात ज्या स्त्रिया संघटनांमधून पुढे आल्या, त्यांतल्या अनेकींची पहिली सभा रोहयोच्या, म्हणजे रोजगार हमी योजनेच्या, कामावर, दुपारच्या सुट्टीत झाली. गरिबी हटवण्याच्या हिशेबात ही जमेची बाजू कुठेच धरली जात नाही, आणि मला ती सर्वांत मोठी वाटते.

योजनेत दोष होते आणि ते झाकण्यात अर्थ नाही. कामाच्या जागेवरच पाहा. आठवडाभर एका टोळीने चर खणला. मोजणीला शाखा अभियंता टेप घेऊन येतो. लांबी, रुंदी, खोली मोजून मोजमाप पुस्तिकेत लिहितो. इथपर्यंत सगळ्यांना दिसते. पण दर ठरतो तो माती कोणती यावर: मऊ माती, मुरूम, की कठीण मुरूम. हाताला फोड येईपर्यंत मुरूम फोडला आणि पुस्तिकेत 'मऊ माती' असे दोन शब्द पडले, की मजुरी निम्म्यावर येते. मजुराला ते दोन शब्द वाचता येत नाहीत, आणि आले तरी तक्रार कुणापाशी करायची? दुसरीकडे मस्टरवर मेलेल्या आणि मुंबईला गेलेल्या माणसांची नावे, त्यांच्या नावावर उचललेले पैसे, एकदाच बांधलेला रस्ता कागदावर तीनदा. हे सगळे झाले. जिथे मजुरांची संघटना होती तिथे ते कमी झाले, कारण तिथे टेप धरताना चार माणसे बाजूला उभी राहत. भ्रष्टाचार आहे म्हणून योजना नको असे म्हणणाऱ्यांनी हा फरक कधी लक्षात घेतला नाही.

हमीला पहिला मोठा तडा गेला तो मात्र भ्रष्टाचाराने नव्हे. १९८८ मध्ये राज्यातली किमान मजुरी वाढली, आणि कायद्याने रोहयोचे दरही जवळपास दुप्पट झाले. मजुरी दुप्पट झाल्यावर काम मागणारे वाढायला हवे होते. प्रत्यक्षात हजेरी घटली. अर्थतज्ज्ञ मार्टिन रॅव्हॅलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आकडेवारी तपासून कारण दाखवले: खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी कामेच कमी काढली गेली. कायद्याचा शब्दही बदलला नव्हता. विधिमंडळात कुणी हमी मागे घेतली नव्हती. फक्त तहसीलदाराकडे मागणी आली की मंजूर काम शिल्लक नाही, अंदाजपत्रक झालेले नाही, पलीकडच्या तालुक्यात काम चालू आहे तिकडे जा, अशी उत्तरे मिळू लागली. हक्क काढून घेण्याची ही पद्धत फार परिणामकारक असते, कारण तिच्याविरुद्ध मोर्चा काढायला ठरावीक तारीख सापडत नाही. पुढच्या वर्षांत कर जमा होत राहिला आणि रोहयोवरचा खर्च मात्र त्याच्या मागे पडत गेला.

१९९० पासून फळबाग लागवड रोहयोला जोडली गेली. जवाहर विहिरी आल्या. कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधावर आंबा, डाळिंब, बोर, सीताफळ उभे राहिले आणि महाराष्ट्राचे फळांखालचे क्षेत्र खूप वाढले. अनेक कुटुंबे त्यावर सावरली, हे मान्यच केले पाहिजे. पण रोहयोचा अर्जदार त्या दिवसापासून बदलू लागला. पूर्वी तो भूमिहीन मजूर होता, आता सात-बारा असलेला शेतकरीही झाला. गावात सात-बारावाल्याचा आवाज मोठा असतो, आणि योजनेची दिशा त्या आवाजाने ठरते. आज ग्रामपंचायतीत रोहयो म्हटले की पहिली आठवण सिंचन विहिरीची आणि गोठ्याची होते. मजुरांच्या मागणीसाठी वेगळा शब्दही उरलेला नाही.

याच काळात दिल्लीची धोरणे यादीकडे वळत होती. १९८० पासून देशभर राबवलेल्या एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात गरिबाला म्हैस, शिलाई यंत्र, बैलजोडी अशासाठी कर्ज आणि अनुदान मिळे. १९८५ मध्ये रथ यांनीच दाखवून दिले की यातून फार थोडी कुटुंबे खरोखर वर येतात, आणि त्यापेक्षा मजुरीचे काम द्या, असा आग्रह धरला. १९९७ मध्ये रेशन 'लक्ष्याधारित' झाले, म्हणजे स्वस्त धान्य गरिबांच्या यादीवर मिळू लागले. १९९९ पासून महाराष्ट्रात पिवळी, केशरी आणि पांढरी कार्डे आली. २००२ च्या सर्वेक्षणात दारिद्र्यरेषा तेरा निकषांवर गुण देऊन ठरवली गेली. ज्याच्या घरी पंखा दिसला तो गरीब नाही, असे प्रकार गावोगाव घडले. यादीत नाव नसलेल्या विधवेला सरपंचाकडे, तलाठ्याकडे, आमदाराच्या कार्यालयात खेटे घालावे लागले. तिथे ती हक्क मागत नव्हती, चिठ्ठी मागत होती.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा संसदेत संमत झाला आणि महाराष्ट्राची कल्पना देशाने स्वीकारली. २००६ मध्ये २०० जिल्ह्यांत आणि २००८ पर्यंत सर्व ग्रामीण जिल्ह्यांत तो पोचला. काम पाच किलोमीटरच्या आत द्यायचे, त्यापलीकडे दिले तर दहा टक्के जास्त मजुरी, असे त्यात ठरवले होते. टेंपलच्या दहा मैलांपासून या पाच किलोमीटरपर्यंत यायला सव्वाशे वर्षे लागली. सामाजिक अंकेक्षण, म्हणजे गावानेच कामांचा हिशेब तपासणे, आले, ग्रामसभेला कामे ठरवण्याचा अधिकार आला. पण आपण काही गमावलेही. आपल्या कायद्यात प्रत्येक प्रौढाला, हवे तितके दिवस काम होते, नव्या कायद्यात कुटुंबाला शंभर दिवस. शंभरच्या पुढचे काम राज्याने आपल्या निधीतून द्यावे अशी तरतूद महाराष्ट्रात राहिली, पण देशाची सरासरीच कुटुंबामागे पन्नास दिवसांच्या आसपास घुटमळत असताना शंभराच्या पुढे जायची वेळ किती जणांवर येते?

तरीही मागणीवर चालणारी योजना संकटात काय करू शकते हे २०२० मध्ये दिसले. टाळेबंदीनंतर शहरांतून परतलेल्या माणसांपुढे कोणतीही यादी नव्हती, रेशनकार्ड दुसऱ्या गावचे होते. मनरेगा, म्हणजे २००५ च्या कायद्याची योजना, मात्र ताणली गेली. २०२०-२१ या वर्षात देशभर अकरा कोटींहून अधिक लोकांनी तिच्यावर काम केले, सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस भरले. यादीवर चालणाऱ्या कोणत्याही योजनेला इतक्या थोड्या दिवसांत इतके फुगता आले नसते.

त्यानंतरची पावले उलट दिशेची आहेत. १ जानेवारी २०२३ पासून हजेरी मोबाइल अ‍ॅपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून. १ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातूनच. हेतू बनावट नावे गाळण्याचा, आणि तो रास्तच. पण सातपुड्यात अक्कलकुव्याच्या पाड्यावर रेंज नसेल आणि दुसरा फोटो चढला नाही, तर दिवसभर राबलेल्या बाईची हजेरी जाते. चूक यंत्राची, मजुरी तिची बुडते. खोटे मस्टर लिहिणाऱ्याला रोखण्यासाठी उभारलेली सगळी तटबंदी खऱ्या मजुराला ओलांडावी लागते आहे. बनावट नाव लिहिणाऱ्या हाताला किती वेळा शिक्षा झाली, याचा शोध मात्र तितक्या आस्थेने घेतला जात नाही.

सगळ्यात मोठी गळती तर अगदी साध्या ठिकाणी आहे. काम मागायचा अर्ज म्हणजे नमुना ४. तो भरून दिला की ग्रामपंचायतीने तारीख घातलेली पोच द्यायची असते. त्या तारखेपासून पंधरा दिवस मोजायचे, काम मिळाले नाही तर भत्ता सुरू. सगळ्या कायद्याची ताकद या चिठ्ठीत आहे. पण बहुतेक गावांत मागणी तोंडीच घेतली जाते. 'काम निघाले की सांगतो' असे उत्तर मिळते. किंवा आधी काम मंजूर होते आणि मग त्याच्या मस्टरला जुळतील असे मागणीअर्ज मागाहून भरले जातात. पोच नाही, म्हणून तारीख नाही, म्हणून विलंब नाही, म्हणून भत्ता नाही. वर्षाच्या शेवटी अहवालात लिहिता येते की मागणी करणाऱ्या जवळजवळ सर्वांना काम दिले.

याची किंमत कळायची असेल तर दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यात जावे. मुकादम गावात येतो. एका जोडप्याला, म्हणजे एका कोयत्याला, उचल देतो. घराची डागडुजी, लग्नाचे देणे, दवाखाना, यात ती उचल संपते आणि कुटुंब पाच-सहा महिन्यांसाठी ऊसतोडीला जाते: मुलांची शाळा सोडून, पालात राहायला, पहाटे अंधारात फडात उतरायला. रोजगार हमीचा कायदा ज्या राज्यात सर्वांत आधी झाला, त्या राज्यात लाखो माणसे दरवर्षी अशी जातात. उचल आगाऊ मिळते, नक्की मिळते आणि दारात मिळते. सरकारचे काम उशिरा मिळते, मिळेलच असे नाही, आणि मजुरी कधी येईल ते सांगता येत नाही. यात माणसाने कुणावर भरवसा ठेवावा? ३१२ रुपये हा २०२५-२६ चा दर वाढवला पाहिजे यात शंका नाही, पण तो वाढवूनही ही अनिश्चितता राहिली तर मुकादमच जिंकणार.

आता पैसे थेट खात्यात देण्याकडे सर्व पक्षांचा कल आहे. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत एकवीस ते पासष्ट वयाच्या, अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या बायांना महिन्याला पंधराशे रुपये मिळू लागले. या पैशाला नावे ठेवणे मला पटत नाही. ज्या बाईला स्वतःच्या औषधासाठी नवऱ्यापुढे हात पसरावा लागतो तिला पंधराशे रुपये काय असतात, हे पोटभर जेवणाऱ्याने ठरवू नये. म्हाताऱ्या, आजारी, अपंग माणसांना तर रोख मदतच द्यायला हवी. संजय गांधी निराधार योजना १९८० पासून तेच करते आहे, आणि तिचे मानधन वेळेवर व पुरेसे देण्याचा आग्रह धरायला हवा. माझा आक्षेप वेगळा आहे. निवडणुकीआधी अर्ज सैलपणे स्वीकारले गेले. निवडणुकीनंतर छाननी सुरू झाली आणि लाखो नावे गळली. एकवीसशे देऊ म्हटले होते त्याची तारीख कुणी सांगत नाही. गळलेल्या बाईला कोणत्या कलमाखाली दाद मागता येते? पंधरा दिवसांची मुदत नाही, भत्ता नाही, पोच नाही. देणाऱ्याच्या मर्जीवर ती रक्कम येते आणि मर्जीवर थांबते. त्यासाठी वर्षाला ४६ हजार कोटी रुपयांचा अंदाज जाहीर करणाऱ्या राज्याने कामाच्या हमीसाठी पैसा नाही असे म्हणू नये.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा संमत केला. दिवस शंभरावरून सव्वाशे झाले, आणि बातम्यांत तोच आकडा ठळक होता. त्यातल्या इतर तरतुदी अधिक महत्त्वाच्या आहेत. आतापर्यंत अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्र उचलत होते. आता बहुतेक राज्यांना चाळीस टक्के वाटा द्यायचा आहे. कोणत्या राज्याला किती रक्कम, हे केंद्र आधीच ठरवणार, आणि त्यावरचा खर्च राज्याने सोसायचा. पेरणी-कापणीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवता येणार. पैसा आधी ठरला आणि मागणी नंतर आली, तर मागणीला अर्थ काय उरतो? १९८८ नंतर महाराष्ट्रात जे गुपचूप झाले, कामेच कमी काढून हमी आटवणे, त्याला आता कायद्याची चौकट मिळाली आहे. ज्या राज्याची तिजोरी रिकामी, तिथे मजूर अधिक असतात, आणि नेमके तेच राज्य चाळीस टक्के उभे करू शकणार नाही.

हंगामात मजूर मिळत नाहीत, ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे. सोयाबीन काढणीला किंवा कापूस वेचणीला माणूस न मिळाल्याने पीक डोळ्यांदेखत जाते, त्याचे दुःख मी हलके लेखत नाही. पण त्याचे खापर रोहयोवर फोडता येत नाही. बहुतेक तालुक्यांत पुरुषाची शेतमजुरी रोहयोच्या दरापेक्षा वर गेली आहे, बाहेर काम असताना कुणी कमी पैशाच्या आणि उशिराच्या मजुरीवर येत नाही. रोहयोची गर्दी उन्हाळ्यात असते, जेव्हा शिवारात काम नसते. हंगामातही जी येते ती बाई बहुधा अशी असते, जिला लांबच्या शेतावर जाणे जमत नाही किंवा जिला गावात कुणी कामावर बोलावत नाही. एकट्या, दलित, आदिवासी बायांचे हे रोजचे जगणे आहे. साठ दिवसांची बंदी तिच्यावर पडणार. आणि ज्या शेतकऱ्याला मजुरी परवडत नाही त्याच्या मालाला भाव मिळवून देणे हा त्यावरचा उपाय आहे, मजुराला पर्यायहीन करणे हा नव्हे.

महाराष्ट्राचा १९७७ चा कायदा अजून राज्याच्या कायदेपुस्तकात आहे. दिल्लीत काहीही ठरले तरी त्याचा वापर करायला कुणी अडवलेले नाही. केंद्राची ठरलेली रक्कम संपली तर पुढची मागणी राज्याच्या निधीतून पुरवू, असे सरकारने विधानसभेत सांगावे. बेकारी भत्ता आजच्या मजुरीच्या हिशेबात अर्थपूर्ण करावा आणि तो का द्यावा लागला याचा जाब तहसीलदाराला विचारला जावा. आणि सुरुवात बीड, जालना, परभणी, हिंगोलीच्या स्थलांतराच्या गावांतून करावी. सप्टेंबर महिन्यात, टोळ्या भरायच्या आधी, वस्तीवर बसून नमुना ४ भरून घ्यावेत, जागच्या जागी तारखेची पोच द्यावी, दिवाळीआधी काम काढावे आणि पहिली मजुरी आठवड्यात खात्यात टाकावी. मुकादम उचल घेऊन दारात येण्याआधी त्या घरातल्या बाईच्या हातात ग्रामपंचायतीची पोच असली पाहिजे. याला नवा कायदा लागत नाही. नवे अ‍ॅपही लागत नाही.